फास्ट अँड फ्युरियस कुठल्या क्रमानं बघायचा? दोन्ही क्रमानं पूर्ण बघून झाल्यावरचा रिव्ह्यू

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता आमच्याकडं सांगलीला, ओंकार, नववीत आहे, आणि त्याला फास्ट अँड फ्युरियस ही गाड्यांच्या रेसची हॉलिवूड सिरीज म्हणजे फक्त ते इन्स्टावरचे फॅमिली फॅमिली वाले मीम एवढंच माहिती. एकही पिक्चर सलग बघितलेला नाही. मी म्हटलं थांब, सगळे दाखवते तुला, पहिल्यापासनं. मी आत चिवड्याचे पोहे भाजत होते तोवर ह्यानं टीव्हीवर ॲप उघडून स्वतःच लावलं पण. हात पुसत बाहेर येऊन बघते तर पडद्यावर कुणाला तरी दफन करतायत आणि हा मला विचारतोय, मावशी ही लेटी कोण होती गं, सगळे एवढे का रडतायत?

पोटात गोळाच आला माझ्या. पोरानं चौथा पिक्चर लावला होता. आणि त्याची काही चूक नाही ह्यात, 2001 चा पहिला पिक्चर आहे 'द फास्ट अँड द फ्युरियस' आणि 2009 चा चौथा आहे 'फास्ट अँड फ्युरियस', फरक काय तर दोन वेळा 'द'. ॲपवर दोन्ही पोस्टर शेजारी शेजारी, दोन्हीवर तीच माणसं, साल बघायला आत जायला लागतं. कुणाचंही असंच होणार. ते बंद केलं, म्हटलं जे बघितलंस ते विसर, उद्यापासनं नीट सुरुवात करू.

त्यावरनंच हे लिहायला घेतलंय. ही अख्खी सिरीज मी दोन क्रमानं बघितलीय, गेल्या वर्षी नवऱ्यासोबत कथेच्या क्रमानं आणि ह्या दिवाळीत ओंकार आणि बाबांसोबत रिलीजच्या क्रमानं. दहा पिक्चर, वीस तासाच्या वर होतात सगळे मिळून, एवढा वेळ घालवायचा तर क्रम नीटच पाहिजे, कारण क्रम चुकला तर ह्या सिरीजमधली सगळ्यात भारी गोष्ट हातातनं निसटते असं मला मनापासनं वाटतं.

ज्यांना नुसतं उत्तर पाहिजे त्यांच्यासाठी आत्ताच सांगते. पहिल्यांदा बघणार असाल तर जसे रिलीज झाले तसेच बघा. टोकियो ड्रिफ्ट तिसऱ्याच नंबरवर. नावं बघू नका, सालं बघा: 2001, 2003, 2006, 2009, 2011, 2013, 2015, 2017, 2021, 2023. बास. इथनं पुढं सगळे स्पॉयलर आहेत, ज्यांनी काहीच बघितलेलं नाही त्यांनी इथंच थांबा, दहा दिवसांनी परत या.

आता भानगड काय आहे ती बघू. सगळी भानगड तिसऱ्या पिक्चरमुळं. पहिल्यात विन डिझेल आणि पॉल वॉकर दोघं होते, डॉम आणि ब्रायन, आणि डॉमची प्रेयसी लेटी. दुसऱ्यात, म्हणजे 2003 च्या 'टू फास्ट टू फ्युरियस'मध्ये विन डिझेल नाहीच, एकटा ब्रायन मायामीत. आणि तिसऱ्यात, 2006 च्या टोकियो ड्रिफ्टमध्ये दोघंपण नाहीत. शॉन नावाचा एक शाळकरी अमेरिकन पोरगा, गाड्या ठोकून ठोकून पोलिसांत नाव गेलेलं, म्हणून आई त्याला टोकियोला बापाकडं पाठवते. तिथं त्याला ड्रिफ्टिंग, म्हणजे मागची चाकं घसरवून गाडी आडवी करत वळण घेणं, शिकवणारा भेटतो तो हान. संग कँग नावाच्या नटानं केलाय. शांत माणूस, सारखं काहीतरी तोंडात टाकत असतो, वेफर्स म्हणा काही म्हणा, कुणावर आवाज चढवत नाही, स्वतःची भारी गाडी नवख्या पोराला ठोकायला देतो आणि वर रागवत पण नाही. आणि पिक्चर संपायच्या आधी तो मरतो. चौकात एक गाडी येऊन आदळते, त्याची केशरी काळी आरएक्स-7 उलटी होते आणि स्फोट.

त्या वेळी हा विषय तिथंच संपलेला होता. पण शेवटच्या एका मिनिटात विन डिझेल येतो आणि हान आपला माणूस होता असं सांगून जातो, आणि लोकांना हान इतका आवडला की दिग्दर्शक जस्टिन लिननं चौथ्या पिक्चरमध्ये त्याला परत आणलं. मेलेला माणूस परत कसा आणणार? तर चौथा पिक्चर टोकियोच्या आधी घडतो असं धरायचं. मग पाचवापण आधी. सहावापण आधी. एका माणसासाठी तीन पिक्चर मागं सरकवले ह्या लोकांनी! सातव्यात येऊन कथा टोकियोच्या पुढं जाते.

म्हणून कथेचा क्रम होतो 1, 2, 4, 5, 6, 3, 7 आणि मग 8, 9, 10 सरळ. कुणालाही विचारा, दहातले सात जण हाच 'खरा' क्रम म्हणून सांगतील. मीपण तेच ऐकून गेल्या वर्षी तसं केलं.

नवरा इंजिनियर आहे, त्याला कालक्रम वगैरे एकदम पटतं. पहिले पाच सुरळीत गेले. सहाव्यात हायवेवर रणगाडा येतो, शेवटी धावपट्टीवर पळणारं विमान गाड्यांना बांधून खाली पाडतात, एवढं सगळं डोळ्यासमोर असताना आम्ही दुसऱ्या दिवशी टोकियो ड्रिफ्ट लावला, तर तिथं दोन शाळकरी पोरं बांधकाम चाललेल्या बंगल्यांमधनं गाड्या पळवतायत. पिक्चर वाईट नाही हो, पण हायवेवरनं एकदम बोळात शिरल्यासारखं वाटतं. सगळ्यांच्या हातात दुमडायचे फोन. नवरा म्हणाला, अगं हे सहाव्याच्या नंतरचं ना, मग ह्यांचे फोन मागं कसे गेले? आणि त्याचं बरोबर होतं, 2006 चा पिक्चर 2013 च्या नंतर ठेवला की कपडे, गाणी, फोन सगळंच मागं जातं.

त्याहून वाईट शॉनचं झालं. सातव्याच्या सुरुवातीला डॉम टोकियोला येतो, शॉनसोबत ती शेवटची रेस लावतो जी आपण टोकियो ड्रिफ्टच्या शेवटी बघितलेली असते, आणि रेस झाल्यावर दोघं बोलत उभे राहतात. रात्र तीच, जागा तीच. पण मधे नऊ वर्षं गेलीयत, शॉन करणाऱ्या लुकस ब्लॅकचा चेहरा सरळ सरळ बदललाय, शाळकरी पोरगा एका रात्रीत तिशीतला बाप्या दिसायला लागतो. कथेच्या क्रमात तिसरा आणि सातवा लागोपाठ येतात म्हणून हे फार डोळ्यात खुपतं. रिलीजच्या क्रमात मधे तीन पिक्चर असतात, तुम्ही शॉनला बऱ्यापैकी विसरलेले असता, कुणाच्या लक्षातपण येत नाही. ओंकारच्या आलं नाही.

आणि मुख्य गोष्ट, सहाव्याच्या शेवटी नावं सुरू झाल्यावर एक सीन आहे, त्यात हानला कुणी मारलं ते दाखवून टाकतात. जेसन स्टेथम गाडीतनं उतरतो, शॉ त्याचं नाव. हे बघून मग टोकियो ड्रिफ्ट बघायचा म्हणजे पूर्ण पावणेदोन तास आपण त्या चौकाची वाट बघत बसतो. हान काय बोलतो, कसा हसतो ह्याच्याकडं लक्षच राहत नाही.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते, ह्या क्रमात एक गोष्ट फार सुंदर मिळते. सहाव्यात जिझेल मरते, गॅल गडोटनं केलीय ती, हानची प्रेयसी, त्याला वाचवायला स्वतःचा हात सोडून देते. त्यानंतर लगेच टोकियोतला हान बघितला की तो गप्प का आहे हे कळतं. गच्चीवर उभा राहून तो शॉनला सांगतो की माणसानं एकदा ठरवलं की मागं वळून बघायचं नाही. पैसा आहे माझ्याकडं, मला भोवती भरवशाची माणसं पाहिजेत असं म्हणतो. 2006 मध्ये हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यात जिझेल नव्हतीच, तरी ते इतकं फिट बसतं की अंगावर काटा येतो. म्हणून कथेचा क्रम मी वाईट म्हणत नाही. तो दुसऱ्या वेळेसाठी आहे.

आता ह्या दिवाळीचं सांगते.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, 31 वर्षं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण रस्त्यावर कुणी गिअर चुकीचा टाकला तर अजून त्यांना घरात बसून कळतं. त्यांना इंग्रजी पिक्चरचं काही नाही पण हिंदी डब लावला म्हटल्यावर बसले. पहिल्या पिक्चरला त्यांनी ओंकारला विचारलं, ह्या गाडीला गिअर आहेत तरी किती रे, मगाधरनं टाकतोयच हा! पण डॉमची ती काळी चार्जर पुढची चाकं उचलून सुटली तेव्हा आजोबा नातू दोघंपण सोफ्यावरनं पुढं सरकले. पहिला पिक्चर आजपण मस्त आहे, मुद्दाम सांगते, साधा आहे, गल्लीतल्या रेस आणि ट्रक लुटणारी टोळी आणि एक पोलीस जो त्यांच्यातलाच होऊन जातो. आणि ब्रायनची केशरी सुप्रा नीट बघून ठेवा, सातव्यापर्यंत लक्षात ठेवायचीय.

दुसरा पुष्कळ जण सोडून द्या म्हणतात. सोडू नका. बाबांना मधे डुलकी लागली हे खरंय, पण रोमन आणि तेज ह्याच्यात पहिल्यांदा येतात आणि पाचव्यापासनं ते शेवटपर्यंत आहेत, त्यांची ओळख इथंच होते. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे ब्रायन मायामीला कसा पोचला ते दाखवणारी सहाएक मिनिटांची छोटी फिल्मपण आहे, नाही बघितली तरी काही अडत नाही.

तिसऱ्या दिवशी टोकियो. बाबांची झोप उडाली इथं. डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्यावरनं गाड्या एकामागं एक आडव्या होत उतरतात तो सीन आला तर बाबा उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. म्हणाले, ओंक्या बघ, त्याचं स्टेअरिंग बघ, मागचं टोक जिकडं निघालंय तिकडंच फिरवतोय तो, उलटं फिरवलं असतं तर दरीत. आंबा घाटात पावसाळ्यात मागची चाकं सुटली तर असंच सावरायला लागायचं, पण आम्ही ते सुटू नये म्हणून जीव काढायचो आणि ही पोरं मुद्दाम सोडतायत. ओंकारला ड्रिफ्ट म्हणजे काय हे पिक्चरपेक्षा आजोबांनी जास्त शिकवलं. शॉन बंदरावर सराव करताना चुकतो आणि गळ टाकून बसलेले लोक हसतात, त्यात केइची त्सुचिया आहे, जपानमधला खराखुरा ड्रिफ्टिंगचा बादशहा, हे मी सांगितल्यावर ते दोन मिनिटं परत लावायला लागलं. शेवटी शॉननं ठोकलेल्या सिल्व्हिया गाडीचं इंजिन काढून त्याच्या वडिलांच्या जुन्या मस्टँगमध्ये बसवतात, तिथं बाबा म्हणाले, डेपोत आमच्याकडं हेच चालायचं, एकीचं काढून दुसरीला.

आणि हान मेला. ओंकारनं माझ्याकडं बघितलं. मेला? मी म्हटलं मेला. थोडा वेळ गप्पच होता, मग म्हणाला, चांगला होता यार.

चौथा लावला. सुरुवातीलाच डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये तेलाचे टँकर लुटतायत आणि टोळीत हान! ओंकार उडालाच, हे त्यानं आधी चुकून बघितलेलं होतं पण तेव्हा हा कोण हेच माहिती नव्हतं ना. मावशी हा तर तिकडं मेला की! मी काहीच बोलले नाही. पाच मिनिटांत हान स्वतःच म्हणतो की टोकियोमध्ये म्हणे काहीतरी भारी चाललंय. आणि पोरानं स्वतः कोडं सोडवलं, म्हणजे हे आधीचं आहे, तो अजून गेलाच नाही तिकडं! हा आनंद त्याला कुठल्या कालक्रमानं मिळाला असता सांगा.

चौथा बाकी ठीकठाक, थोडा कोरडा आहे, बोगद्यातली रेस सोडली तर मला फारसा आवडत नाही. पण तो संपतो तिथनंच पाचवा सुरू होतो, कैद्यांची बस अडवायला गाड्या येतात आणि पुढच्या पिक्चरच्या पहिल्या मिनिटात बस उलटी. म्हणून हे दोन लागोपाठच्या दिवशी बघा, मधे गॅप नको. चौथ्याच्या आधी 'लॉस बँडोलेरोस' नावाची वीसएक मिनिटांची फिल्म आहे, विन डिझेलनंच दिग्दर्शित केलीय, हान आणि डॉम आणि लेटी डॉमिनिकनमध्ये काय करत होते ते त्यात आहे. मिळाली तर जरूर बघा.

पाचवा, 'फास्ट फाइव्ह', 2011. ह्या सिरीजमधला सगळ्यात चांगला पिक्चर हाच आणि ह्यावर मी कुणाशीपण वाद घालायला तयार आहे. आधीच्या सगळ्या पिक्चरमधली माणसं एकत्र येतात, पहिल्यातला व्हिन्स, दुसऱ्यातले रोमन आणि तेज, तिसऱ्यातला हान, चौथ्यातली जिझेल, म्हणूनच तर म्हणते की आधीचे चार झाल्याशिवाय ह्याला हात लावू नका. समोर ड्वेन जॉन्सन. आणि रिओच्या रस्त्यावरनं दोन गाड्यांना पोलादी दोर बांधून अख्खी तिजोरी फरपटत नेतात ते तर काय सांगू, बाबा शेवटपर्यंत एकच म्हणत होते, टायर राहणार नाहीत, टायर राहणार नाहीत.

पण मला त्यात दोन छोटे सीन सगळ्यात जास्त आवडतात. एक, जिझेल हानला बघून ओळखते की तू आधी सिगरेट ओढायचास, कारण तुझे हात आणि तोंड सारखं कशात तरी गुंतलेलं लागतं. तिसऱ्या पिक्चरपासनं तो वेफर्स का खातोय हे पाच वर्षांनी असं एका वाक्यात कळतं. दुसरा शेवटचा. हान गाडी चालवतोय, जिझेल त्याच्या मांडीवर बसलीय, जर्मनीतला मोकळा रस्ता. ती विचारते, तुला टोकियोला जायचं होतं ना? तो म्हणतो, जाऊ की, कधीतरी.

ओंकार पटकन बोलून गेला, नको जाऊस ना.

ह्याच्यासाठी रिलीजचा क्रम. त्या गाडीतल्या दोघांना जे माहिती नाही ते आपल्याला माहिती असतं. कथेच्या क्रमानं बघताना नवऱ्याला आणि मला हा सीन नुसता गोड वाटला होता, बास. टोकियो आधी बघितलेलं असलं की त्याच 'कधीतरी'नं घशात अडकतं.

इथं ॲपबद्दल एक तक्रार, नाव घेत नाही कारण जवळपास सगळीकडं हेच आहे. पिक्चर संपून नावं सुरू झाली की पडदा बारीक होतो आणि दहा सेकंदात पुढचा कायतरी आपोआप सुरू. ह्या सिरीजमध्ये नावांच्या मधेच सगळा माल आहे. पाचव्यात नावं सुरू झाल्यावर लेटी जिवंत आहे हे कळतं, सहाव्यात शॉ येतो, नवव्यात आणि दहाव्यातपण सीन आहेत. गेल्या वर्षी ॲपनं आमचा पाचव्याचा सीन खाल्ला, सहाव्यात लेटीचा फोटो बघून आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय, ही तर मेली होती! ह्या वेळी आधीच सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद केलं आणि रिमोट माझ्या मांडीखाली. तुम्हीपण पहिल्या दिवशीच हे करून टाका, आणि हिंदी पाहिजे असेल तर दहाही पिक्चरला हिंदी ऑडिओ आहे का तेपण आधीच तपासा, मला ते दोघांसाठी वेगळं शोधायला लागलं.

सहाव्यात जिझेल पडली तेव्हा ओंकार काहीच बोलला नाही. शेवटी सगळे अंगणात जेवायला बसलेत आणि हान सांगतो की तो टोकियोला निघालाय. तेव्हा हा हळूच म्हणाला, म्हणून तो तिथं एकटा होता. मी त्याला काही समजावलं नव्हतं, आजोबांनीपण नाही. तीन दिवसांपूर्वी बघितलेला पिक्चर त्याच्या डोक्यात स्वतःहून बदलला. मग नावं, मग टोकियोचा तोच चौक, तीच आरएक्स-7, आणि गाडीतनं उतरणारा शॉ. पोरगं उभंच राहिलं. अपघात नव्हता तो!

तुम्हाला वाटलं तर इथं एक करा, आम्ही केलं. सहावा संपल्यावर टोकियो ड्रिफ्टमधला फक्त तेवढाच पाठलागाचा भाग परत लावा, दहा पंधरा मिनिटं. पूर्ण पिक्चर नको. शॉनचा चेहरा, चौक सगळं ताजं होतं आणि सातवा लावायला मन तयार होतं. सातव्यात शॉन डॉमला जिझेलचा फोटो देतो, हानच्या गाडीत सापडलेला, तो फोटो मग कुणाचा म्हणून विचारायला लागत नाही.

सातव्याबद्दल फार लिहिवत नाही. पॉल वॉकर 30 नोव्हेंबर 2013 ला अपघातात गेला, शूटिंग अर्धवट होतं, मग त्याचे सख्खे भाऊ केलेब आणि कोडी त्याच्या जागी उभे राहिले आणि चेहरा कॉम्प्युटरवर बसवला. अबुधाबीतल्या एका बिल्डिंगमधनं दुसऱ्या बिल्डिंगमध्ये गाडी उडवतात वगैरे सगळं आहे, आपला अली फझलपण दिसतो तिथं थोडा वेळ. पण शेवट. ब्रायन पांढऱ्या सुप्रामध्ये, डॉम शेजारी, दोन गाड्या बरोबरीनं चालतात आणि रस्ता फुटतो, एक इकडं एक तिकडं. ओंकारनं हळूच विचारलं, पहिल्यातपण सुप्राच होती ना? म्हटलं हो रे. बाबांना मी आधी काही सांगितलं नव्हतं, विचारलं त्यांनी, हा पोरगा खरंच गेला का? मी हो म्हटलं तर चष्मा काढून पुसत बसले. डेपोतले त्यांचे किती जण रस्त्यावर गेलेत ते मला माहितीय. त्या दिवशी आम्ही दुसरं काही लावलं नाही.

ज्यांना वीस तास जमणार नाहीत त्यांनी खुशाल सातव्यावर थांबावं. गोष्ट तिथं मनासारखी संपते.

पुढचे झटकन सांगते. आठव्यात क्युबातली सुरुवातीची रेस छान, बाकी बर्फावर पाणबुडी गाड्यांच्या मागं लागते इतपत प्रकरण गेलेलं आहे. पण ज्यानं हानला मारलं तोच शॉ शेवटी ह्यांच्या पंगतीला जेवायला बसतो, ते ओंकारला अजिबात सहन झालं नाही, ह्याला ताट कसं वाढलं म्हणून भांडला माझ्याशी. त्याला सांगितलं, बाबा रे, तुझ्यासारखे जगभर चिडले होते, 'जस्टिस फॉर हान' म्हणून लोकांनी मोहीमच चालवली. नवव्यात हान परत येतो, मेलाच नव्हता म्हणे. कसा वाचला ते मला मुळीच पटलं नाही, घाईघाईत दोन वाक्यांत उरकलंय. तरी तो दारातनं आत येतो आणि सगळे बघत राहतात तेव्हा आमच्या घरात टाळ्या पडल्या, आणि शॉननंपण हान जिवंत बघितला म्हणून ओंकारला विशेष बरं वाटलं. 'हॉब्स अँड शॉ' हा 2019 चा वेगळा पिक्चर, बघायचा तर आठव्यानंतर, नाही बघितला तरी मूळ कथेत काही तुटत नाही, आम्ही सोडला.

दहाव्याच्या आधी मात्र पाचव्यातला तिजोरीवाला शेवट परत बघून घ्या. दहाव्यातला व्हिलन, जेसन मोमोआ, हा पाचव्यातल्या त्या रेयेसचा, म्हणजे ज्याची तिजोरी पळवली त्या व्हिलनचा, मुलगा आहे आणि पिक्चर सुरूच होतो त्या तिजोरीपासनं, मूळच्या सीनमध्ये त्याला नव्यानं घुसवलाय. मधे बारा वर्षं गेलीयत, तुमच्यात मधे पाच दिवस गेलेले असतील, तरीपण बघा, कारण तो बापाचा सूड घ्यायला आलाय आणि बाप कसा मेला हे डोळ्यासमोर असलं की त्याचा राग खोटा वाटत नाही. आणि आधीच सांगून ठेवते, दहावा अर्ध्यातच तुटतो, डॉम आणि त्याचा छोटा मुलगा धरणाच्या पायथ्याशी, वर स्फोट व्हायचाय, आणि संपला. ओंकार पाच मिनिटं रिमोट घेऊन पुढचा शोधत होता.

एक दिवस एक पिक्चर हेच बरोबर बसतं. एका दिवशी तीन तीन लावले तर गाड्याच लक्षात राहतात, माणसं राहत नाहीत, आणि मधल्या रात्री पोरं जी डोकं चालवतात तीपण चालत नाही. ओंकारच्या सगळ्या चांगल्या शंका सकाळी चहाच्या वेळी यायच्या.

रेटिंग द्यायचं तर रिलीजच्या क्रमाला 5 पैकी 5. कथेच्या क्रमाला 3, पण दुसऱ्यांदा बघणार असाल तर साडेचार. पिक्चरचं म्हणाल तर पाचवा आणि सातवा पूर्ण मार्क, पहिला आणि तिसरा त्यांच्या मागं लगेच.

परवा ओंकारचा फोन आला इचलकरंजीहून. त्यानं घरी त्याच्या बाबांना बसवलंय सगळे दाखवायला, चौथ्यापर्यंत आलेत. मी विचारलं, पहिला नीट लावलास ना रे? म्हणाला, हो मावशी, साल बघूनच लावला, आणि बाबा पण सेम बोलले, हा तर तिकडं मेला की! मी काहीच नाही सांगितलं त्यांना.